समुद्र दारात असताना मॉरिशसला कशाला जायचं?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही चिपळूणजवळच्या गावात राहतो. हे मार्चमध्ये निवृत्त झाले. यंदा लग्नाला तीस वर्षं होतील म्हणून एकदा तरी परदेशी जाऊ असं यांनी ठरवलं आणि मॉरिशस नक्की केलं. एका एजंटाने सहा रात्रींचं पॅकेज सांगितलंय. जुलै महिना, पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल, त्यात नॉर्थ टूर, साऊथ टूर, इल ओ सेर बेट आणि समुद्राखाली चालणं. ऑफ सीझन आहे म्हणून स्वस्तात बसतंय म्हणतो. अजून पैसे भरलेले नाहीत. बरोबर मुलगी (वय २३) आणि सासूबाई (वय ७२). आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी समुद्रात बुडून गेला. तेव्हापासून आमच्या घरात घोट्याच्या वर पाण्यात कोणी जात नाही. आई म्हणतात, "समुद्र काय आपल्याकडे कमी आहे? त्यासाठी एवढे पैसे कशाला घालायचे?" त्यांना बरोबर न्यावं की नणंदेकडे ठेवावं? त्या पक्क्या शाकाहारी आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत, झोपेची गोळीही लागते. मुलीला स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत, तोंड पाण्यात घालून आतलं बघणं) करायचंय, यांना नुसतं शांत बसायचंय. आणि मलाही एकदा पाण्यात उतरून बघायचंय. पण पन्नाशी उलटली, पोहता येत नाही, अंगावर काय घालून उतरायचं तेही कळत नाही. हे आपलं उगाच लिहिलं. योग्य तो सल्ला द्यावा.

स. म., चिपळूण

उत्तर

स. म. ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यांना काय हवं, मुलीला काय हवं, आईंना काय झेपणार नाही, सगळ्यांचं सगळं तुम्ही नीट लिहिलंय. स्वतःबद्दलची ओळ मात्र सगळ्यांत शेवटी, आणि तीही 'उगाच लिहिलं' म्हणून लगेच मागे घेतलीत. मी उत्तर त्या ओळीपासूनच द्यायचं ठरवलंय. तुम्हाला पाण्यात उतरायचंय हे एकदा घरात मोठ्याने सांगितलंत, की कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या किनाऱ्याला राहायचं, काय करायचं आणि काय गाळायचं, हे बरंचसं त्यातूनच ठरत जाईल.

पण आधी आईंचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. आपल्याकडे समुद्र कमी नाही. पण आपला समुद्र उघडा आहे. अरबी समुद्राची लाट कुठेही न अडता थेट वाळूवर येऊन फुटते. भरती-ओहोटीला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. पावसाळ्यानंतर वाळू जागा बदलते, गेल्या वर्षी जिथे कंबरभर पाणी होतं तिथे यंदा खळगा असतो. आणि परतणाऱ्या पाण्याला ओढ अशी, की पोहता येणारा माणूससुद्धा आत खेचला जातो. दर वर्षी आपल्या किनाऱ्यांवर बाहेरून आलेली तरुण मुलं बुडतात ती याच ओढीने. आईंनी ते घरात सोसलंय. त्यांची भीती घालवायच्या मागे कोणी लागू नका. आपल्या किनाऱ्यापुरती ती अगदी बरोबर आहे.

मॉरिशसच्या समुद्राची घडण निराळी आहे. बेटाच्या बऱ्याचशा भागाभोवती प्रवाळाचा बांध आहे, किनाऱ्यापासून लांब, पाण्यातच. हिंदी महासागराची लाट त्या बांधावर फुटते. किनाऱ्यावर बसलं की दूर क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ हलताना दिसते आणि वारा तिकडून असला की तिचा घुमणारा आवाज येतो. बांधाच्या अलीकडे राहतं ते उथळ, निळं-हिरवं, बहुतेक वेळा तळ्यासारखं पाणी. त्याला लगून म्हणतात. भरती-ओहोटीतला फरक तिथे एक मीटरसुद्धा नसतो. चांगल्या जागी तुम्ही पन्नास पावलं आत चालत गेलात तरी पाणी कमरेपर्यंतच असतं आणि पायाची बोटं दिसत असतात. पाण्यात उभं राहून आपली बोटं दिसणं हे कोकणातल्या माणसाला किती नवलाचं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे असं पाणी हिवाळ्यात मालवणकडे थोडंफार मिळतं, बाकी नाही. तर आईंना हे सांगा, की आपल्याकडे नाही असा समुद्र बघायला चाललोय.

एक गंमत त्यांना आणि यांना दोघांनाही आवडेल. आपला सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसचा काळा दगड एकाच चुलीवरचे आहेत. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच जागेवरून भूखंड सरकत गेल्यावर पुढे मॉरिशस आणि मग रियुनियन बेट तयार झालं असं भूशास्त्रज्ञ सांगतात. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यावर काळी खडपं बघून तुम्हाला घरचं काहीतरी आठवलं तर त्याला कारण आहे.

आता एजंटाचं पॅकेज. माझं स्पष्ट मत आहे की जुलै आणि पूर्व किनारा ही जोडी तुमच्यासाठी नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे जुलै म्हणजे तिथला हिवाळा. थंडी कडाक्याची नसते, पण लगूनचं पाणी बावीस-तेवीस अंशांवर असतं, आणि उन्हात वाढलेल्या आपल्या अंगाला ते चांगलंच गार लागतं. त्याहून मोठी गोष्ट वारा. त्या महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि सगळ्यांत आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतात. मी पहिल्यांदा गेले ती जुलैमध्येच, आणि राहिले पूर्वेला. ज्याच्याकडून बुकिंग केलं त्याने वाऱ्याचा शब्दही काढला नव्हता. चार दिवसांतले तीन दिवस आम्ही ओढण्या डोक्याला घट्ट बांधून बसलो होतो, वाळू पोळीत येत होती, आणि पाण्यावर सतत बारीक लाटा असल्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी एका टॅक्सीवाल्याने आम्हाला बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तासाभराच्या अंतरावर झाडाचं पान हलत नव्हतं. बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब आहे, पण मधल्या डोंगरांमुळे दोन बाजूंना दोन हवा असतात. ऑफ सीझन स्वस्त असण्याचं एक कारण हेच.

म्हणून महिना बदला. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला सगळ्यांत चांगला काळ. वारा उतरलेला असतो, ऑक्टोबर तर वर्षातला सगळ्यांत कोरडा महिना, आणि पाणी तापायला लागलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत तिकिटांचे भाव चढतात आणि आईंना घरचा दिवा सोडून जाणं पटणारही नाही, म्हणून माझा सल्ला असा की तुळशीचं लग्न लावून निघा. मुलीला तेवढी रजा आताच मागून ठेवू दे. डिसेंबरअखेर गर्दी आणि भाव दोन्ही वाढतात आणि जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. वादळाच्या इशाऱ्याचे तिथे चार वर्ग आहेत, तिसरा लागला की सगळं बंद, घरात बसायचं. त्या महिन्यांत जाऊच नका.

यांना काही कारणाने जुलैच सोयीचा असेल तर निदान हॉटेल पश्चिमेला किंवा वायव्येला घ्या. ते एवढं महत्त्वाचं आहे.

राहायला मी तुम्हाला वायव्येचा त्रू ओ बिश ते मॉन श्वाझी हा पट्टा सुचवीन. पाणी उथळ आणि शांत, वाळू मऊ, आणि किनाऱ्याला लागून सुरूची झाडं. सुरूच्या बनातली ती सळसळ आईंना केळशी-मुरुडची आठवण करून देईल. तिथले लोक त्या झाडाला फिलाओ म्हणतात. समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे मोठ्या रिसॉर्टचे पैसे मोजायची गरज नाही. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट भाड्याने मिळतात. चार माणसांना दोन खोल्या, गॅस, फ्रिज. आईंचा सकाळचा चहा आणि रात्रीचा मऊ भात हातात राहिला की अर्धी काळजी मिटते. पॅकेजच घ्यायचं असेल तर सकाळचा नाश्ता तेवढा घ्या. आणि राहण्यावरचा पर्यटक कर धरलाय का ते लेखी विचारा. जेवणासकट घेतलंत की रोज संध्याकाळी त्याच बुफेपुढे उभं राहावं लागतं आणि बाहेरचं खाणं हुकतं, आणि मॉरिशसचं खरं खाणं रस्त्यावर आहे.

खाण्याबद्दल तर तुम्ही अगदी निर्धास्त राहा. धोल पुरी नावाचा एक प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पिवळी डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरलेली. आपली पुरणपोळीच, गूळ न घातलेली. दोन-दोन जोडीने देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची चटणी आणि हवी तर मिरची. गातो पिमां म्हणजे छोटे डाळवडे. पराठ्याला फराता, लोणच्याला झसार, चटणीला सातिनी. आपल्याकडचे शब्द तिथल्या लोकांच्या तोंडात असे झिजत गेले. आईंना मात्र आधी सांगा की फरातासोबतच्या रश्शात मांस असू शकतं, म्हणून दर वेळी 'वेजेतारियँ' म्हणून विचारायचं. आणि किनाऱ्यावर अननसवाला आला तर थांबवा. बारकं, लालसर पिवळं फळ देठाकडून उलटं धरतो, सुरी तिरपी चालवत सगळे डोळे एका गोल चरीत काढतो, चार फाका करतो आणि मीठ, तिखट आणि चिंचेचं पाणी लावून हातात देतो. देठ धरूनच खायचं. शुगर आहे म्हणून आईंना एकच फाक द्या, पण द्या.

सहा दिवसांचं काय करायचं? एजंटाच्या यादीतले चार दिवस बसमध्ये जातात. नॉर्थ टूरमधली ठिकाणं तुम्ही राहाल तिथून दहा-वीस मिनिटांवर आहेत, त्यासाठी टूर कशाला? इल ओ सेर बेट सुंदर आहे, पण ते पूर्वेला, वायव्येहून जायला-यायला अर्धा दिवस, आणि गेल्यावर गर्दी. मुलीला पॅरासेलिंगचा फार हट्ट असेल तर तिला आणि यांना दोघांना पाठवा. समुद्राखाली चालणं म्हणजे डोक्यावर जड शिरस्त्राण घालून तळावर उतरवतात, बीपी असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आणि मला स्वतःला प्रवाळाच्या तळावर रोज शेकडो पाय पडणं पटत नाही. तामारँच्या खाडीत पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात, तेही मी गाळते. वीस होड्या एका कळपाचा पाठलाग करतात, ते बघवत नाही.

एक दिवस दक्षिणेसाठी टॅक्सी ठरवा, भाडं बसायच्या आधी ठरवून, कारण तिथे मीटर नसतो. गंगा तलाव बघा. डोंगरमाथ्यावरचं तळं, काठाला देवळं, आणि १०८ फुटी मंगल महादेवाची मूर्ती. महाशिवरात्रीला हजारो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. वर हवा थंड असते, आईंची शाल घ्या. तिथून शामारेलची रंगीत माती आणि धबधबा. बस, तेवढा दिवस पुरे. दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्री ग्रीला गाडी थांबलीच तर कठड्यावरून बघा. तिथे बांध तुटलेला आहे, लाट आपल्यासारखीच थेट येते, पाण्यात पाय घालायचा नाही.

दुसरा अर्धा दिवस पोर्ट लुईला, आप्रवासी घाटासाठी. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर हिंदुस्थानातून या बेटावर उतरले, ऊस कापायला. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे लोकही होते. ज्या दगडी पायऱ्या चढून ते आत गेले त्या अजून आहेत, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. रविवारी बंद असतो, शनिवारीही लवकर मिटतो, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. तुमच्याकडच्या जुन्या घराण्यांत 'एक भाऊ मॉरिशसला गेला तो आलाच नाही' अशी काही गोष्ट असेल तर मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरं जपून ठेवलेली आहेत. नाव, गाव, वय, जहाज.

त्या लोकांचे वंशज आज मराठी समाज म्हणून तिथे आहेत. गणेश चतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, कास्कावेल या गावची गणपतीची परंपरा जुनी आहे, आणि आपल्याकडची जाखडी तिथे झाकरी म्हणून अजून नाचतात. शाळांतून मराठी शिकवतात. तरी रस्त्यात भेटलेला माणूस तुमच्याशी सफाईने मराठी बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका, रोजची भाषा क्रिओल आहे. पण आईंनी एखाद्या म्हाताऱ्या बाईला 'तुमचं आडनाव काय?' असं विचारलं आणि उत्तरात ओळखीचं आडनाव आलं, तर तो दिवस त्यांचा. मी हे होताना पाहिलंय. दोघी हात धरून उभ्या होत्या, एकीला दुसरीचं निम्मं कळत नव्हतं, आणि दोघी रडत होत्या.

म्हणून आईंना न्या. नणंदेकडे ठेवू नका. पण त्यांना पाण्यात उतरायचा आग्रह एकदाही करायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांनी निघण्याआधी ठरवा. मुलीलाही बजावा. 'आजी, काही होत नाही गं' हे वाक्य नको, कारण त्यांच्या घरी झालेलं आहे. त्यापेक्षा त्यांना एक दिवस ब्लू बेला न्या. विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर त्याच दिवशी बसतं. तिथल्या समुद्री उद्यानात काचेच्या तळाच्या होड्या असतात. बाकावर बसायचं, खाली बघायचं. पायाखालून मेंदूसारख्या वळ्या असलेला भला मोठा प्रवाळ जातो, पट्ट्यापट्ट्यांचे मासे जातात, आणि साडीचा काठही भिजत नाही. होडीत चढताना मात्र पाण्यातून दोन पावलं चालावं लागतं, लाइफ जॅकेट घालावं लागतं, हे आधी सांगा, ऐन वेळी नको. याच भागाच्या जवळ जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचा पाला कापडी पिशव्यांत शिवून त्याचे लांबच लांब बांध पाण्यात सोडले. तिथला समुद्र वाचवायला इतके हात झटले. म्हणून प्रवाळावर उभं राहू नका, तुकडा उचलू नका. शिंपले-प्रवाळ बॅगेत घालून आणणं गुन्हाही आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि निघण्याआधी भरलेला ऑनलाइन प्रवासफॉर्म हाताशी ठेवा. मुंबईहून थेट विमानाने सहा तास, घड्याळ दीड तास मागे. मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत, पण डासांमुळे डेंगी-चिकनगुनिया होतो, मलम न्या. ताजी फळं, कढीपत्ता, कुंडीतलं काही नेऊ नका, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे, डबे कापडी पिशवीत भरा.

औषधांकडे मात्र नीट लक्ष द्या. मॉरिशसमध्ये झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामकं यांवर कडक नियम आहेत. आईंची झोपेची गोळी नुसती डब्यात टाकून नेऊ नका. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि कारण लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्या आणि तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते का हे महिनाभर आधी विचारून घ्या. डॉक्टरांना दुसरा पर्यायही विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. आणि प्रवासाचा विमा घेताना आजार लपवू नका.

आता तुमची ओळ.

निघायला चार-पाच महिने आहेत. पोहायला पूर्ण शिकलात तर उत्तमच, चिपळूण-रत्नागिरीकडे जिथे बायकांची वेळ असलेला तलाव मिळेल तिथे नाव घाला. नाहीच जमलं तरी दोन गोष्टी शिका. पाठीवर तरंगणं आणि पालथं तरंगून तोंड पाण्यात ठेवणं. दुसरी गोष्ट घरीच सुरू करता येते. पाचशे-हजार रुपयांत मास्क आणि स्नॉर्केलची नळी मिळते. मोठ्या घमेल्यात पाणी भरा, मास्क लावा, नळी तोंडात धरा आणि चेहरा पाण्यात घालून तोंडाने शंभर श्वास मोजा. पहिल्या दिवशी दहाव्या श्वासाला छातीत धडधडेल. नाक बंद झालं की शरीर घाबरतं, त्यात तुमचा दोष नाही. आठ दिवसांनी शंभर होतील. मुलीला शेजारी बसवा, तीही शिकेल. स्नॉर्केलिंग येतं असं सगळ्यांना वाटतं, घाबरतात ते पाण्यात गेल्यावर, आणि तिथे घाबरणं महाग पडतं.

कपड्यांचं सोपं आहे. पोहण्याच्या कापडाच्या पूर्ण पायांच्या लेगिंग आणि लांब बाह्यांचा वरचा शर्ट मिळतो, उन्हापासूनही तोच वाचवतो. सुती सलवार-कमीज नको, भिजून जड होतो आणि पायात अडकतो. लोक काय म्हणतील ही काळजी असेल तर तुमच्या सहा दिवसांत एक रविवार येईल असं बघा आणि त्या दिवशी मॉन श्वाझीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. अख्ख्या बेटावरची कुटुंबं सुरूखाली चादरी पसरून बसलेली असतात, बिर्याणीची पातेली, पेट्या, पत्ते, कुठेतरी रावान नावाच्या डफाचा ताल आणि सेगा हे तिथलं नाचगाणं. आणि पाण्यात आज्या-काक्या-मावश्या टी-शर्ट आणि पायजम्यात, कमरेपर्यंत, गप्पा मारत बसलेल्या. तुमच्याकडे कोणी बघणार नाही.

पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट घालाच, चौघांनीही. तळाशी काळ्या काट्यांचे सी अर्चिन नावाचे प्राणी असतात. दगडमासा म्हणून एक अगदी दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. पाय पडलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा, गरम पाण्याने विष मंदावतं.

वेळ सकाळची घ्या, आठ-नऊची, वारा उठण्याआधी. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांच्या दोरीच्या आत राहायचं, तिच्याबाहेर मोटरबोटी फिरतात. बांध जिथे तुटलेला असतो तिथून पाणी जोराने बाहेर जातं, त्या फटींच्या जवळपासही जायचं नाही, शांत लगूनमध्येही माणसं बुडू शकतात ती अशा जागी. छातीच्या वर पाणी नको. जॅकेट घालायचं, मुलीचा हात धरायचा, जेवून लगेच नाही, एकटीने कधीच नाही. दमलात की उभ्या राहा, पाय टेकतात, त्यासाठीच तर ही जागा निवडलीय. सुरुवातीला गुडघाभर पाण्यात गुडघ्यांवर बसा, मास्क लावा आणि फक्त चेहरा पाण्यात घाला. एवढंच. वाळूवर उन्हाची जाळी हलत असते, आणि थोडं थांबलात की बोटाएवढे पांढरे मासे तुमच्या हाताभोवती येतात.

यांना सुरूखाली खुर्ची टाकून बसू द्या, त्यांना तेच हवंय. आईंना मात्र एक काम सांगा. तुमचा चष्मा, मंगळसूत्र आणि कोरडा पंचा त्यांच्याकडे द्या आणि पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूच्या थोडं अलीकडे, तुम्हाला दिसतील अशा बसवा. तुम्ही दर पाच मिनिटांनी मान वर काढून त्यांना हात दाखवायचा, आणि त्यांनी पंचा हलवायचा.